गाठ आंधी जेवते

खोली भाड्याने देण्याआधी त्यांनी माझ्या हातावर ज्वारीच्या भाकरीचा तुकडा ठेवला आणि शंभर मोजेपर्यंत चावायला सांगितलं. गिळायचं नाही, ही अट. मी नुकतीच कारंज्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले होते. वय तिशीच्या आसपास, कपाळ मोकळं. विधवेला खोली द्यायला गावात कोणी तयार नव्हतं, त्यामुळे घरमालक भाकर चाव म्हणाला तर चावणं भागच होतं. शंभर झाल्यावर त्यांनी तो घास काचेच्या नळीत थुंकायला लावला, त्यावर कुठलंसं निळं औषध ओतलं आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी ते विटेसारखं तांबडं झालं.

"पाह्यलं का बाई? साखर भाकरीतबी असते," ते म्हणाले आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. भाडं किती ते मला दोन दिवसांनी विचारावं लागलं.

ते जनावरांचे डॉक्टर होते. गाव त्यांना ढोरडॉक्टर म्हणे, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. माणसं ते पायांवरून ओळखत. आमच्या शाळेचे हेडमास्तर एकदा सणाला भेटायला आले, तर त्यांनी नमस्कार-चमत्कार सोडून सांगितलं की तुमच्या डाव्या मागच्या पायात लचक आहे. हेडमास्तरांना पुढचे पाय नाहीत हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. लचक मात्र होती.

त्या निळ्या औषधाने त्यांना झपाटलं होतं. लग्नाला गेले की शरबत प्यायचे नाहीत, कोटाच्या खिशातल्या शिशीत भरून घरी आणायचे. पेरू, सीताफळ, गाभण गाईचं मूत, मोहाची फुलं, सगळं त्या नळीतून तावूनसुलाखून निघे. अंगणात जास्वंदाचं मोठं झाड होतं, पण गणपतीला वाहायला त्याचं एक फूल कधी मिळालं नाही. पहाटेच सगळी फुलं खुडून ते कुस्करायचे आणि त्या रसात कागदाच्या पट्ट्या बुडवून दोरीवर वाळत घालायचे. आंबट वस्तू लागली की ती पट्टी लाल होते, म्हणायचे. शेजारची मन्यारीण खाला, जी गावभर बांगड्या भरत फिरे, तिचा त्यावर एकच शेरा होता. डाक्टरच्या घरात देवाला फूल नाही आणि बकरीला पाला नाही.

ते स्वतः गोडाला शिवत नसत. चहा बिनसाखरेचा, श्राद्धाची खीरसुद्धा गाईपुढे. त्यांना मधुमेह असेल असं लोक धरून चालले होते. मीही तेच धरून चालले.

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, कारण सुरुवातीचं वर्ष मी खरोखर हसतच काढलं. दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात एका सकाळी न्हाणीत माझ्या हाताला गाठ लागली. उजव्या छातीत, बाहेरच्या अंगाला, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. दुखत नव्हती. दुखली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

गाठीचं काय होतं ते मी पाहिलेलं होतं. माझ्या मावशीला थानाची गाठ झाली होती. ती फुटल्यावर घरच्यांनी तिला मागच्या खोलीत ठेवलं, आणि पुढे पुढे जेवणाचं ताट दाराबाहेरूनच सरकवू लागले. मावशी ओरडत नसे. वास मात्र ओसरीपर्यंत यायचा. मी लहान होते, मला त्या खोलीत जाऊ देत नसत, आणि खरं सांगायचं तर मला जायचंही नव्हतं. न्हाणीत ओल्या अंगाने उभी असताना मला मावशी आठवली नाही. मला ते सरकवलेलं ताट आठवलं.

सांगणार तरी कोणाला? सरकारी दवाखान्यातला डॉक्टर पुरुष. शाळेच्या कमिटीला कळलं असतं तर पोरींना लागण होईल म्हणून मला काढून टाकलं असतं. घरी भावजय होती, तिच्याकडे मागची खोली होतीच. मी पदर घट्ट लपेटला आणि शाळेत गेले. पाढे म्हणून घेताना मध्येच आकडा विसरायची आणि पोरी माझ्याकडे बघत राहायच्या.

त्याच महिन्यात जवळच्या धनज गावचा सखाराम आपला बैल घेऊन डॉक्टरांकडे आला. बैलाचं नाव हिऱ्या. पांढराशुभ्र, उंच, पण मान एका अंगाला टाकलेली, आणि एका नाकपुडीतून रक्ताळ पाणी वाहत होतं. डॉक्टरांनी त्याच्या शिंगावर बोटाचं पेर वाजवलं, कान लावला, मग दुसरं शिंग वाजवलं. सखारामला बसायला सांगितलं. शिंगाच्या मुळाशी गाठ होती. पांढऱ्या बैलांना ती होते, फार होते, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. त्यांनी शिंग मुळापासून कापलं. आत फुलकोबीसारखं काहीतरी भरलेलं होतं आणि त्याला मला ठाऊक असलेला वास होता. मी अंगणातून आत पळाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यांनी मला हाक मारली. त्यांना साक्षीदार हवा होता, आणि घड्याळ पाहता येणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. चुलीच्या कोमट राखेत दोन काचेचे पेले ठेवले होते. दोन्हींत सारखंच मधाचं पाणी. पहाटे धनजला जाऊन जखमेतून नवीन तुकडे काढून आणले होते ते दोन पेल्यांत टाकले होते, एकात हिऱ्याच्या धडधाकट मांसाचा, दुसऱ्यात गाठीचा. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं होतं की जर्मनीत एका विद्वानाने असं काही करून पाहिलं आहे. ते खरं का खोटं ते त्यांना कारंज्यात पाहायचं होतं.

तीन तास मी त्या पेल्यांसमोर बसले. पदराखाली माझी गाठ आणि समोर पेल्यात हिऱ्याची. ती तरंगत नव्हती, हलत नव्हती, नुसती बुडाशी पडून होती. पण ती खाते आहे हे मला ठाऊक होतं आणि मला तिच्यावरून नजर काढता येईना. डॉक्टरांना वाटलं, बाईंना शास्त्रात गोडी लागली.

तीन तासांनी त्यांनी पहिल्या पेल्यातलं पाणी निळ्या औषधात घालून तापवलं. तांबडं झालं, म्हणजे मध जवळजवळ तसाच होता. मग दुसऱ्याचं तापवलं. निळं ते निळंच राहिलं, जरासं हिरवट. जास्वंदाची पट्टी बुडवली तर लालभडक झाली. पट्टी त्यांनी उजेडाला धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. मग नळी खाली ठेवत म्हणाले, "गाठ आंधी जेवते बाई, धनी मांगून." आधी तिचं पोट, मग ज्याच्या अंगात ती आहे त्याचं.

मी विचारलं की मग ती पसरते कशी. आवाज सरळ ठेवायला मला किती कष्ट पडले ते मीच जाणे. त्यांनी मला उलट विचारलं, बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं तर काय होतं? कळकतं, मी म्हटलं. तसंच, ते म्हणाले. गाठ साखर खाते आणि आंबट थुंकते. त्या आंबटाने बाजूचं मांस सैल पडतं, आणि मग तिला वाट मिळते. हे पुस्तकात नाही, हा आपला अंदाज, असं त्यांनी लगेच जोडलं. पण माझ्या कानांनी तेवढं ऐकलं नाही.

पोळा दोन दिवसांवर आला होता. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी पहिली बैलाला. सखाराम औषध न्यायला आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला सांगितलं की हिऱ्याला या वर्षी पोळी घालू नकोस, गोड गाठीच्या पोटात जातं. सखाराम हातातली टोपी फिरवत उभा राहिला. "आवतन तं द्याच लागते ना जी," तो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, आवतन दे, पोळी देऊ नको. मग त्यांनी त्यालाही भाकरीतली साखर कशी सुटते ते सांगितलं, नळी दाखवली. मी भिंतीपलीकडे सगळं ऐकत होते.

त्या दिवसापासून मी गूळ सोडला. मग दूध, कारण दुधातही साखर असते हे त्यांनीच दाखवलं होतं. मग केळी. मग भात. आणि भादवा अर्धा सरला तेव्हा भाकर. मी अंबाडीची भाजी खायची, चिवळ खायची, पाण्यासारखं ताक प्यायची. शाळेत महालक्ष्म्यांचा प्रसाद आला तर उपास आहे म्हणायची. विधवेने कितीही उपास केले तरी लोकांना नवल वाटत नाही, उलट कौतुक वाटतं. भूक लागली की मला आनंद व्हायचा. मला वाटायचं, आत तीही भुकेली आहे, आणि बघू आधी कोण मरतं.

गाठ लहान झाल्यासारखी वाटायची. नंतर कळलं, माझी छातीच वाळली होती. गाठ तेवढीच होती.

खालाने एकदा मला विहिरीवर अडवलं. बेटी, तुझ्या मनगटाला आता पोरीच्या मापाची बांगडी लागेल, म्हणाली. मी म्हटलं, मला बांगडीचं काय करायचं. तिने माझं मनगट सोडलं नाही. कितीतरी वर्षांत कोणी माझा हात असा धरला नव्हता. मला रडू आलं आणि मी घागर तिथेच टाकून घरी आले.

दिवाळी झाली. एका सकाळी डॉक्टर लहान गाडीने धनजला गेले. आमच्याकडे ती चिमुकली रेल्वे होती, बैलगाडीशी शर्यत लावली तर हरेल अशी. दुपारी परत आले ते अंगणातच जास्वंदाखाली बसले. कोट काढला नाही, हात धुतले नाहीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. तेव्हा त्यांनी हिऱ्या गेल्याचं सांगितलं.

सखारामने सांगितलेलं सगळं पाळलं होतं, आणि पाळता पाळता पुढे गेला होता. पोळी नाही दिली. मग ढेप, म्हणजे पेंड, बंद केली, मग सरकी, मग कडबासुद्धा मूठमूठ मोजून. भाकरीत साखर तर कडब्यात का नाही, असा त्याचा हिशेब, आणि तो चुकीचाही नव्हता. शिंगाची जखम भरली होती. पण गाठ मानेत उतरली होती, आणि बैलाच्या अंगावर तेवढी मानच भरलेली दिसत होती.

"म्या अर्धीच गोष्ट सांगतली," डॉक्टर म्हणाले. "गाठ साखर खाते हे सांगतलं. साखर नाई भेटली तं थे धन्याचं मांस गाळून खाते, हे नाई सांगतलं. त्यानं बैलाले आवतन देलं बाई, अन उपाशी मारलं. माह्या शब्दापाई."

मी तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नाकपुड्या हलल्या. व्यायल्यावर खाणं सोडलेल्या गाईच्या तोंडाला एक वास येतो, नासलेल्या फळासारखा गोडसर. तो त्यांना गोठ्याच्या दारातून कळायचा, असं ते नेहमी सांगत.

"तुमच्या तोंडाले उपाशी गाईचा वास येऊन राह्यला," ते हळूच म्हणाले. "गाठ कुठं हाय?"

मी नाही म्हणणार होते. तोंडही उघडलं होतं. पण तीन महिने मी ज्या भीतीला एकटीने खाऊ घालत होते, ती आता माझ्यापेक्षा मोठी झाली होती. मी पदरावर हात ठेवला. त्यांनी मान खाली घातली. पुढे काहीही विचारलं नाही, हातही लावला नाही. उठून भिंतीपाशी गेले आणि खालाला हाक मारली.

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघं निघालो. लहान गाडीने मुर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने नागपूर. खाला माझ्याजवळ बसली. डॉक्टर समोर बसून मला पुरचुंडीतले फुटाणे आणि गूळ देत होते आणि मी खात नव्हते. जनावर बोलत नाही म्हणून त्याचं पाहावं लागतं, म्हणाले, तुम्हाला तर बोलता येत होतं. ते रागावले होते. मला वाटलं, माझ्यावर. मी फुटाणे खाल्ले, गूळ खिडकीबाहेर टाकला.

नागपुरात बायकांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बोटांनी चाचपलं, काखेत जास्त वेळ चाचपलं, आणि सांगितलं की छाती काढावी लागेल. काखेत उतरली असेल तर मात्र सांगता येत नाही. मला क्लोरोफॉर्म देत होते तेव्हा माझ्या डोक्यात बिनकल्हईचं पितळेचं भांडं होतं आणि त्याच्या बुडाला हिरवं पडत होतं.

जाग आली तेव्हा खाला उशाशी होती. डॉक्टरांबद्दल मी पहिल्यांदा काय विचारलं असेल? त्यांनी माझ्या गाठीचा पेला लावला का, असं विचारलं. खालाने डोळे पुसले. म्हणाली, त्यांच्या खिशात मधाची शिशी होती, तिने स्वतः पाहिली. डॉक्टरीणबाई गाठीचा तुकडा देऊही करत होत्या. पण ते व्हरांड्यात गेले, शिशी उघडली आणि सगळा मध झाडाच्या बुंध्याशी ओतून आले. मग खालाने मला ते सांगितलं जे गावात जुन्या माणसांना ठाऊक होतं आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांची बायको याच रोगाने गेली होती. ताकद राहावी म्हणून ते तिला रोज सकाळ-संध्याकाळ चमच्याने मध चाटवत, मेळघाटातून खास मागवून. ती गेल्यावर त्यांनी गोड सोडलं, आणि काही वर्षांनी ते मासिक त्यांच्या हाती पडलं.

काख हाताला तरी मोकळी लागते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पण पाच वर्षं गेल्याशिवाय कोणीच काही बोलू नये.

पाच वर्षं हा शब्द ऐकायला लहान आहे. मी ती अमावस्या-अमावस्येने काढली. दर अमावस्येला सकाळी खाला माझ्या खोलीत यायची आणि बांगड्या भरणाऱ्या तिच्या बोटांनी माझी काख चाचपायची. आवळलेला हात कुठे मऊ आहे आणि हाड कुठे आहे हे तिच्याइतकं कोणाला कळणार? डॉक्टर अंगणात जास्वंदाकडे तोंड करून उभे असायचे. फुलं खुडलेली असायची, तरी खुडत असल्यासारखे. खोकायचे. खाला आतून सांगायची, "साफ है, डाक्टरसाब." मग ते दवाखान्यात जायचे. त्या एका दिवसासाठी मी आधीचे आठ दिवस झोपत नसे, आणि नंतरचे आठ दिवस जरा बरे जात.

खा, ते सांगायचे. दूध, भाकर, तूप, सगळं खा. मी सगळं खायला लागले, अंगही भरलं. पण गूळ-साखर ओठांपर्यंत आली की मी हात मागे घ्यायची. त्यांनी कधी जबरदस्ती केली नाही. एकदा मी त्यांना धीर करून विचारलं की गोडाने गाठ खरंच वाढते का. पेल्यातलं आपल्याला माहीत आहे, ते म्हणाले, माणसातलं नाही. बायकोला मध चारला त्याने वाढली की तशीही वाढलीच असती, ते त्यांना अजून कळलं नव्हतं, आणि कळेल अशी आशाही उरली नव्हती.

सखाराम दर पोळ्याला धनजहून पुरणपोळ्यांचं ताट घेऊन यायचा. हिऱ्याबद्दल त्याने डॉक्टरांना कधी बोल लावला नाही. डॉक्टर त्याच्या डोळ्यांत बघत नसत. ताट घ्यायचे आणि दवाखान्यातल्या जनावरांना घालायचे.

पाच वर्षं दिवाळीनंतर भरत होती. ती भरली, खाला साफ म्हणाली, तिने मशिदीत काहीतरी वाटलं. डॉक्टर काही बोलले नाहीत. मला वाटलं, विसरले. ते पुढच्या पोळ्याची वाट बघत होते हे मला पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी कळलं. गावात खांदे मळणं चाललं होतं, घुंगरांचा आवाज येत होता. ते माझ्या दाराशी आले. दोन्ही हातांना हळद लागलेली, डोक्यावर टोपी, जणू कुठल्या पाटलाच्या घरी निघाले आहेत.

"बाई, आज आवतन घ्या," ते म्हणाले. "उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी सखारामचं ताट आलं. डॉक्टरांनी जास्वंदाखाली दोन पाट मांडले. त्या दिवशी झाडावरची फुलं त्यांनी खुडली नव्हती. एक पोळी उचलून त्यांनी मधोमध मोडली, अर्धी माझ्या पानात ठेवली, अर्धी आपल्या. सखाराम आणि खाला ओट्यावर बसून बघत होते. माझा हात पानापाशी जाऊन थांबला. तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तुकडा इतका घट्ट धरला होता की पुरण पानात सांडत होतं. वीस वर्षं त्यांनी गोड तोंडात घातलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की या अंगणात भिणारी मी एकटीच आहे.

"आज धनी आंधी," ते म्हणाले, पण घास काही त्यांच्याने तोंडात जाईना.

मग मी आधी खाल्लं. गोड लागलं, फार गोड. मी घास गिळला आणि, खोटं कशाला सांगू, आतून दुसरं कोणी जेवायला बसलं की काय म्हणून कान देऊन ऐकलं. काही ऐकू आलं नाही. मी त्यांना म्हटलं, डॉक्टरसाहेब, जेवा आता. तेव्हा कुठे त्यांनी तो तुकडा तोंडात घातला, आणि माझ्याकडे न बघता, शंभर मोजत असल्यासारखे चावत राहिले.